द्वारकाबाईंचं वाळवण

द्वारकाबाईंच्या घराच्या पत्र्यावर उन्हाळ्यात दोन तऱ्हेचं वाळवण असायचं. एका बाजूला त्यांच्या सासूबाईंच्या कुरडया, पापड, सांडगे. दुसऱ्या बाजूला विटांखाली दाबून ठेवलेले हात-हातभर लांबीचे प्लास्टिकचे पाईप. विजेची वायर ज्यातून नेतात ते. पांढरे, राखाडी, काळे. प्रत्येकाच्या अंगावर ऑइलपेंटने लिहिलेलं असायचं, 'पाडवा', 'पोळा', 'दिवाळी'. तो पाईप पत्र्यावर चढला तो दिवस. कुरडया चार दिवसांत खाली उतरायच्या, पाईप दोन-दोन उन्हाळे वर राहायचे. मुदत भरली की बाई शिडीने तो खाली आणायच्या, फरशीवर ठेवायच्या आणि त्यावर चपलेचा पाय द्यायच्या. टर्रकन फुटला, तर त्या जातीचा पाईप त्यांच्या हातून पुन्हा कुणाच्या उघड्या भिंतीला लागत नसे. दबून परत गोल झाला, तर म्हणायच्या, "हा आपला."

गाव हसायचं. सर्वांत जास्त सासूबाई. "माझ्या कुरडयांच्या उन्हात हिनं नळकांडी मांडली," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायच्या. मीही हसलो आहे. वडीगोद्रीजवळच्या त्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मी सहा वर्षं मुख्याध्यापक होतो, आणि बाईंचं घर माझ्या रोजच्या वाटेवर होतं. एकदा मी खालूनच विचारलं, "काय बाई, यंदा पाईपांच्या कुरडया कशा झाल्या?"

वरून उत्तर आलं, "खाऊन बघा की सर. दात मजबूत पाहिजेत पण."

बाई पन्नाशीच्या, काटक. साडीवर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट, पदर कमरेला खोचलेला, शर्टाच्या खिशात टेस्टर आणि चुन्याची डबी. माहेर आणि सासर दोन्ही मेंढपाळांची. नवरा अजूनही दिवाळीनंतर मेंढरं घेऊन गोदाकाठाला निघतो. बाई मात्र अंबडला मावशीकडे राहून शिकल्या, आयटीआयला वायरमनच्या वर्गात एकट्याच मुलगी होत्या आणि रीतसर परवाना काढून गावी परतल्या. कुणी कौतुकाने "वायरवुमन" म्हटलं की त्यांचा पारा चढायचा. "परवान्यावर वायरमन लिव्हलंय. सरकारनं लिव्हलेलं तुम्ही कामून खोडता?" त्यामुळे अख्ख्या पंचक्रोशीत त्या 'वायरमनबाई' झाल्या. हे नाव त्यांनी चालवून घेतलं.

पाईप निवडायची त्यांची रीत बापाकडून आली होती. बाप बाजारात मेंढीचं तोंड उघडून दात बघितल्याशिवाय पुढचं बोलायचा नाही. बाई पाईपाचं तोंड बघायच्या. वडीगोद्रीला हमरस्त्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मी पंखा घ्यायला गेलो होतो, तेव्हा त्या तिथे उभ्या होत्या. दुकानदाराने पांढऱ्या पाईपांचा गठ्ठा पुढे टाकला. बाईंनी एक पाईप उचलला, त्याच्या तोंडात डोळा घालून जाडी बघितली, अंगठ्याने दाबला, मग चष्मा चढवून त्यावरची कंपनीची, जाडीची बारीक छपाई या टोकापासून त्या टोकापर्यंत पोथी वाचावी तशी वाचली.

"हा सावलीचा पाईप हाय. स्लॅबमंधी गाडायचा. मला उन्हाचा दाखवा."

सावलीचा आणि उन्हाचा हे बाईंचे स्वतःचे शब्द. कंपनीच्या पत्रकात ते सापडायचे नाहीत. भिंतीत पुरलेल्या पाईपाला कसली झळ लागत नाही, तो हलका असला तरी चालतो. उघड्यावरच्या पाईपाला आपल्याकडचं आठ महिन्यांचं ऊन खावं लागतं. त्यात साधं प्लास्टिक आधी पिवळं पडतं, मग खारकेसारखं कडक होतं आणि एखाद्या पोराचा चेंडू लागला तरी तडकतं. आतली वायर उघडी पडते. उन्हाचा पाईप जाड असतो आणि ऊन सोसेल असा माल त्यात घातलेला असतो.

"बाई, सगळे हाच नेऊन राह्यले," दुकानदार म्हणाला.

"म्हणून तर मला रोज काम हाय."

त्याने चिडून आतून एक काळा पाईप आणला. बाईंनी त्याचंही तोंड बघितलं आणि परत केला. "काळा झाला म्हणून उन्हाचा होत न्हाई. भंगार वितळवून बी काळं करता येतं. छपाई कुठंय ह्याच्यावर?"

"इतकी चौकशी तर पोरगी देतानाबी कुणी करत न्हाई," दुकानदार कपाळाला हात लावून म्हणाला.

"करायला पाहिजे," बाई म्हणाल्या आणि शेवटी माळ्यावरचा गठ्ठा उतरवायला लावून हवा तो पाईप घेऊन गेल्या. मी तोवर तीन पंखे बघून एकही पसंत केला नव्हता.

आमच्या भागात मोसंबीच्या बागा आणि बागेत ठिबक. जुनी झालेली ठिबकची काळी नळी प्रत्येक शेतात वेटोळी करून पडलेली असते. अशा एका बागायतदाराच्या डोक्यात आलं की नळी काळी आहे, वर्षानुवर्षं उन्हात राहूनही तिला काही होत नाही, मग वायर टाकायला हिच्यापेक्षा चांगली कोणती? त्याने घरापासून गोठ्यापर्यंत त्याच नळीतून वायर ओढली. पावसाळ्यात गोठ्याच्या पत्र्याच्या दाराला झिणझिण्या यायला लागल्या. दारात बांधलेली म्हैस एका सकाळी जागीच आडवी झाली, तेव्हा बाईंना बोलावणं गेलं. मला तमाशा बघायची हौस, म्हणून मीही मागे गेलो.

बाईंनी आधी मेन स्विच पाडला. मग नळीचं एक टोक सोडवून वर धरलं. नळीच्या भोकाभोकांतून पाणी ठिबकायला लागलं, अगदी झाडाच्या बुडाशी ठिबकतं तसं.

"पाटील, विजेला पाणी पाजून राह्यले का? ही नळी पाणी सोडायला केलेली हाय. अडवायला न्हाई."

पाटलांनी खाली मान घातली.  बाई म्हशीजवळ जाऊन बसल्या, तिच्या मानेवर हात ठेवला आणि बराच वेळ तशाच राहिल्या. मेंढरांत वाढलेल्या बाईला मेलेलं जनावर नवं नव्हतं. पण उठल्या तेव्हा त्यांचे डोळे लाल होते आणि त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही.

आता शाळेचं सांगतो. ते सांगताना मला आजही बरं वाटत नाही.

शाळेला पिण्याच्या पाण्याचं काम मंजूर झालं. पश्चिमेच्या भिंतीला दहा नळ, वर टाकी, बाजूला बोअरची मोटार. मीटर होतं ऑफिसच्या कोपऱ्यात. तिथून मोटारीपर्यंत साठ फूट वायर बाहेरच्या भिंतीवरून न्यायची होती, म्हणजे नळांच्या बरोबर डोक्यावरून. त्या भिंतीला दुपारी बारापासून दिवस मावळेपर्यंत ऊन. आणि तिच्या खाली ओल्या हातांची दोनशे पोरं. काम ज्या गुत्तेदाराने, म्हणजे कंत्राटदाराने, घेतलं त्याला सगळे अण्णा म्हणायचे. वायरिंग त्याने द्वारकाबाईंना दिलं, कारण काम पुरं झाल्यावर टेस्ट रिपोर्टवर परवानाधारक वायरमनची सही लागते आणि गावात परवाना एकट्या बाईंकडे होता.

जानेवारीत पिकअपमधून माल उतरला. बाईंनी एका पाईपाचं तोंड बघितलं आणि गठ्ठा सोडलाच नाही.

"अण्णा, हा सावलीचा हाय."

"बाई, भिंतीला नवा रंग दिलाय. त्याच्यावर काळा पाईप कसा दिसंल? सव्वीस जानेवारीला साहेब येऊन राह्यले उद्घाटनाला."

"साहेब किती येळ थांबणार?"

"अर्धा तास."

"अन् पोरं?"

अण्णा हसला आणि माझ्याकडे बघितलं. मग मी मध्ये पडलो. मी म्हणालो, "बाई, कार्यक्रम तोंडावर आलाय. सध्या हे होऊ द्या, पुढे आपण बदलून घेऊ."

बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की अजून आठवतं. "सर, पोराचं गणित चुकलं तर तुम्ही 'सध्या राहू दे' म्हणता का?"

त्यांनी पिशवी उचलली आणि निघून गेल्या. अण्णाने दोन दिवसांत दुसऱ्या माणसाकडून पाईप ठोकून घेतले आणि जालन्याहून एका परवानाधारकाची सही आणली. त्या गृहस्थाने आमची भिंत कधी बघितली नाही. एक सही माझीही लागत होती, 'काम समाधानकारक' म्हणून. मी केली. माझ्यावर कुणी पिस्तूल रोखलं नव्हतं. साहेब येणार, मंडप पडणार, फोटो निघणार, एवढंच होतं, आणि तेवढ्याला मी भ्यालो.

बाईंना कळलं तेव्हा त्या ऑफिसात आल्या. टेबलावरचा कागद वाचला. "समाधान कुणाचं झालं सर?" एवढंच विचारलं. 

सव्वीस जानेवारी थाटात झाली. सत्तावीसला सकाळी द्वारकाबाई शाळेच्या फाटकाशी उभ्या होत्या. घोषणा नाहीत, फलक नाही. हातात पत्र्यावरून उतरवलेले पाच तुकडे, त्याच जातीचे, दोन उन्हाळे खाल्लेले. पोरांना सोडायला आलेल्या आयांपैकी पहिली होती रुक्मिणी, तिसरीतल्या मुलीची आई. बाईंनी तिच्या हातात तुकडा दिला.

"मोड."

"माझ्यानं कसा मोडंल?"

"मोडून तर बघ."

रुक्मिणीने दोन्ही हातांनी जरा जोर केला आणि तुकड्याचे तीन तुकडे झाले. ती घाबरून बाईंकडे बघत राहिली.

"हाच पाईप तुझ्या पोरीच्या डोक्यावर ठोकलाय. आज नवा हाय, आज काही होणार न्हाई. दोन उन्हाळ्यांनी असा होईल, अन् तव्हा कुणी बघायला येणार न्हाई. मी सांगायचं काम केलं. पुढं तू जाण."

त्या सकाळी बाईंनी पाचही तुकडे पाच आयांकडून मोडून घेतले. दुसऱ्या दिवसापासून पोरं घरून पाण्याच्या बाटल्या आणायला लागली. दहा नळ नुसते चकाकत उभे राहिले. मी पालकांची सभा घेतली, मोठ्या आवाजात समजावलं. रुक्मिणी उठून म्हणाली, "सर, तुमचं पोरगं हितं शिकतंय का?" माझा मुलगा जालन्याला शिकत होता. सभा तिथेच संपली.

अण्णाचा संताप झाला. त्याने तालुक्यातल्या सगळ्या गुत्तेदारांना निरोप दिला की या बाईला काम द्यायचं नाही, आणि त्यांनी तो पाळला. बाईंची अंगणवाडीची, समाजमंदिराची, ग्रामपंचायतीची कामं एकेक करत गेली. कुणाची मोटार, कुणाचा गोठा, कुणाचा बंद पडलेला कूलर, एवढंच राहिलं. त्यांना त्याचं काही वाटलं नाही असं मी लिहिणार नाही. शर्टाच्या खिशातला टेस्टर काढून त्या उगाच पुसत बसलेल्या मी बघितल्या आहेत. एकदा मी शहाणपणा करून म्हणालो, "अण्णाला भेटून घ्या बाई. दोन शब्द नमतं घ्या. मिटून जाईल."

"माफी मागू म्हणता?" त्या उसळल्या. "कशाची? पाईप मी पातळ केला का? ऊन मी पाडलं का? तुम्ही मागा सर. सही तुमची हाय."

मी घरी आलो आणि त्या रात्री जेवलो नाही. राग आला होता, आणि राग कुणाचा येतोय ते नीट कळत होतं.

एप्रिलमध्ये ऊन चढलं. अण्णाच्या माणसाने पाईप दिसायला सरळ राहावा म्हणून सगळे जोड चिकटवून, क्लिपा करकचून आवळून टाकले होते. प्लास्टिक उन्हात वाढतं. त्याला सरकायला जागाच नव्हती, म्हणून तो मध्येच कमानीसारखा फुगून भिंतीपासून सुटला, दोन क्लिपा उपटल्या आणि एका जोडातून बाहेर आला. तिथे बोटभर लाल वायर दिसायला लागली, नळापासून हातभर वर. दोन उन्हाळे लागणार होते ते पहिल्याच उन्हाळ्यात झालं. मी मेन स्विच पाडून अण्णाला फोन केला. "टेप मारून घ्या सर," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

त्यानंतर पंधरा दिवसांनी त्याच अण्णाचा मला फोन आला. वडीगोद्रीला त्याचा बंगला उभा राहत होता. बाहेरचं वायरिंग द्वारकाबाईंनीच करायचं, असा त्याच्या बायकोने हट्ट धरला होता. घरात रांगतं नातवंड. बाईंच्या घराची पायरी अण्णा कुठल्या तोंडाने चढणार? म्हणून निरोप्या मी. मला वाटलं बाई नकार देतील. त्या लगेच निघाल्या.

बंगल्याच्या बाहेर अण्णा खुर्च्या मांडून बसला होता. त्याने उठून नमस्कार केला. "बाई, झालं गेलं सोडा. हितं तुमच्या मनासारखा माल. तुम्ही म्हणाल तोच पाईप."

बाईंनी मान वर करून भिंत बघितली. "म्हणजे उन्हाचा."

"हां, उन्हाचाच. जाडवाला. बिलकुल कमी करू नका."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं."

अण्णा खुर्ची सरकवायला लागला. त्याची बायको दारात चहाचा ट्रे घेऊन उभी राहिली होती, ती तशीच थांबली. मला वाटत होतं, द्वारकाबाईंना माहिती आहे आणि अण्णाला नाही, असा हा वाद आहे. चार महिने मी स्वतःला तेच सांगत होतो. अण्णाला पहिल्या दिवसापासून सगळं माहीत होतं. आणि खरं सांगायचं तर, मलाही होतं.

"आधी शाळा," बाई म्हणाल्या. "साठ फूट. बराबर जाड, छपाई असलेला, मी निवडीन तो. मंग ह्या भिंतीचं बोलू." आणि वळून चालायला लागल्या. चहाचा ट्रे घेतलेली अण्णाची बायको त्याच्याकडे बघत म्हणाली, "आणून द्या त्यांना." अण्णाने मान डोलावली.

मेच्या सुट्टीत बाईंनी शाळेचं काम केलं. सगळा पांढरा पाईप उतरवला, काळा चढवला. क्लिपा आवळल्या नाहीत, पाईप सरकेल इतक्या सैल ठेवल्या. मधल्या एका जोडाला चिकटवायचं सोल्यूशन न लावता आत बोटभर जागा सोडली. मोटारीच्या पेटीत वायर खालून घेतली, वरून पाणी उतरायला नको म्हणून. पंचायत समितीचा एक तरुण इंजिनिअर बघायला आला. त्याने पाईपाला हात लावून हलवला. "बाई, काम ढिलं आहे. आवळा."

"दुपारी दोनला या अन् मंग सांगा. तव्हा तो अंग ताणतो."

तो दुपारी दोनला खरंच आला. पाईप सरळ होता आणि जोडातली बोटभर जागा निम्मी भरली होती. त्याने मोबाइलमध्ये फोटो काढला आणि बाईंना विचारून विचारून वहीत काहीतरी लिहून घेतलं.

बंगल्याचं कामही बाईंनी केलं, तितकंच नीट. "त्या लेकराचा काय गुन्हा?" म्हणाल्या. अण्णाने मात्र गुत्तेदारांना दिलेला निरोप काही मागे घेतला नाही. बाईंनीही तो घ्या असं कधी म्हटलं नाही.

त्याच सुमारास माझी परतूर तालुक्यात बदली झाली. शाळा उघडली तो माझा तिथला शेवटचा दिवस. फाटकाशी आया पोरांना घेऊन आल्या आणि नळांपासून दहा पावलांवर थांबल्या. पोरांच्या गळ्यात बाटल्या होत्याच. नवा पाईप सगळ्यांनी बघितला, पण पुढे कुणी होईना. मी काही बोलणार होतो. पण त्या भिंतीबद्दल माझा शब्द कुणी का मानावा, हे माझं मलाच कळत होतं, म्हणून बाजूला झालो.

द्वारकाबाई भिंतीच्या कडेने आल्या. मोटार चालू केली. टेस्टरने पेटी, नळ, टाकीची लोखंडी चौकट, सगळं एकदा तपासलं. टेस्टर खिशात ठेवला. मग पहिला नळ सोडून तोंड धुतलं, हात कोपरापर्यंत भिजवले आणि दोन्ही ओले तळवे त्या काळ्या पाईपावर ठेवले. तसेच ठेवून, एक-एक नळ ओलांडत, मोटारीपासून मीटरपर्यंत साठ फूट चालत गेल्या. आणि तशाच परत आल्या. कोपरावरून पाणी टपकत होतं. कुणाकडे बघितलं नाही, कुणाला बोलावलं नाही.

रुक्मिणीने पोरीच्या गळ्यातली बाटली काढून घेतली आणि तिचा हात सोडला.